पोटावर मारणारी माणसं

मुळशी तालुक्यात वादाला विषय कमी पडत नाहीत. बांध कुणी कोरला, सातबाऱ्यावर आत्याचं नाव कसं राहिलं, पुण्यात आंबेमोहोर म्हणून विकतात त्यात आंबेमोहोर किती, आणि मुळशी धरणाचं पाणी इथल्या शिवाराला न मिळता घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात का जातं, यांतला कुठलाही विषय काढा, चहाची दुसरी फेरी ठरलेली.

अलीकडे या यादीत एक भर पडली आहे. पौडच्या अलीकडे रस्त्याला लागून एक टपरी आहे. डेअरीला दूध घालून झालं की तिथे चार माणसं जमतात आणि जगाच्या पाठीवर आजवर झालेला सर्वांत घातक, पोटावर मारणारा बॉक्सर कोण, यावर भांडतात. भांडणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात बॉक्सिंगची लढत समोर बसून पाहिलेली नाही. त्यामुळे चर्चेला कुठेही अडथळा येत नाही.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, कारण मुळशी म्हणजे कुस्ती. इथे जत्रा ठरते ती देवाच्या पालखीवरून आणि गाजते ती आखाड्यावरून. दुपारी नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती; हलगी वाजायला लागली की देवळातला गुरवसुद्धा आखाड्याकडे सरकतो. मामासाहेब मोहोळ इथलेच. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ मध्ये उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने, आणि महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान जी चांदीची गदा खांद्यावर घेऊन मिरवतो ती त्यांच्याच नावाची. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळने ती जिंकली तेव्हा ‘गदा माहेरी आली’ असं म्हणत टपरीवर पेढे वाटले गेले. त्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून जी लाथाळी झाली तिच्यावर मात्र अजून एकमत नाही. तो विषय मी इथे काढत नाही, नाहीतर बॉक्सिंग राहून जाईल.

तसं बॉक्सिंग इथून फार लांबही नाही. म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २००८ च्या ऑक्टोबरात युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, त्यात कुस्तीही होती आणि बॉक्सिंगही. मुंढव्याला लष्कराच्या क्रीडा संस्थेत देशभरातली पोरं ठोसे मारायला आणि चुकवायला शिकतात. पण मुंढवा पडला पुण्याच्या पार त्या टोकाला, आणि अस्सल मुळशीकराच्या लेखी स्वारगेटच्या पलीकडे परदेश सुरू होतो.

तर हे खूळ टपरीवर आणलं सरपंचांच्या पुतण्याने. तो हिंजवडीत आयटीत असतो. हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे, हे हिंजवडीवाले विसरले असले तरी पौडच्या तहसील कचेरीत अजून लक्षात आहे. लहानपणी आजोबांनी त्याला तालमीत घातलं होतं. पहाटे उठायचं, हौद्यातली माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या आणि वर मार खायचा, हा व्यवहार त्याला पटला नाही आणि तो पळून आला. आता तोच बावधनच्या एका जिममध्ये दरमहा पैसे भरून पहाटे मार खातो. आजोबा हयात असते तर त्यांनी निम्म्या पैशात सोय केली असती.

या पुतण्याने एका संध्याकाळी फोनवर एक जुनी लढत लावली. १८ सप्टेंबर २००४, लास व्हेगास. एका बाजूला ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवलेला, देखणा, पोस्टरवर शोभणारा ऑस्कर दे ला होया. दुसऱ्या बाजूला तरुणपणीची काही वर्षं तुरुंगात काढून आलेला बर्नार्ड हॉपकिन्स. नवव्या फेरीत हॉपकिन्सने डावा हात खालून आखूड फिरवला. बघणाऱ्याला वाटावं, जाता जाता चापट मारली. दे ला होया खाली गेला तो उठेना. शुद्धीवर होता, डोळे उघडे होते, आकडे कानावर पडत होते. उठता येत नाही या संतापाने तो दोन्ही हातांनी जमीन बडवत राहिला आणि पंचाचे दहा मोजून झाले.

आमच्या टपरीवर वस्ताद असतात. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही कान मोडलेले, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळू नये अशी बांधणी. गावातल्या तालमीत अजून पोरं घडवतात. बॉक्सिंगला ते तोवर खेळ मानत नव्हते, कारण त्यात पाठ टेकण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांनी चष्मा लावून फोन नाकाशी धरला.

“तोंडाला तर हातच लागला न्हाय,” ते म्हणाले. “मग पडला कशानं?”

“लिव्हरवर बसला, वस्ताद.”

“परत लाव.”

त्या संध्याकाळी तो पडण्याचा क्षण इतक्या वेळा लावला गेला की पुतण्याच्या फोनची बॅटरी संपली आणि दे ला होया सुटला.

मग डॉक्टरांकडे बघण्यात आलं. डॉक्टरांचा दवाखाना पिरंगुटला आहे. पेशंट नसले की ते टपरीवर असतात, आणि असले तरी कधीकधी टपरीवरच असतात. त्यांनी बशीत चहा ओतत समजावून सांगितलं. यकृत म्हणजे दीड किलोच्या आसपासचा ऐवज, शरीराच्या आतला सर्वांत मोठा अवयव. तो उजव्या बाजूला बरगड्यांच्या आडोशाला बसतो, पण खालची कड पुरती झाकली जात नाही. तिथे नेमका दणका बसला की मेंदूकडे जाणाऱ्या नाड्या एकदम बोंब मारतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब कोसळतो आणि शरीर मालकाला न विचारता खाली बसतं. डोक्याला लागलं की माणसाचं भान जातं, काय झालं ते त्याला दुसऱ्याने सांगावं लागतं. इथे भान शाबूत राहतं. सगळं कळतं, फक्त पाय ऐकत नाहीत. शिवाय हे घडतं ते लगेच नाही. ठोसा बसल्यावर क्षणभर माणूस उभा असतो, कधी एखादं पाऊल मागेही टाकतो, आणि मग वर्दी पोचते.

“कुठं म्हणालात ते लिव्हर?” वस्तादांनी विचारलं, आणि माझ्याकडे वळले. अंगात मांस कमी असलं की बरगड्या मोजायला सोप्या जातात, म्हणून माझी निवड झाली. त्यांनी डावा अंगठा माझ्या शेवटच्या बरगडीखाली टेकवला. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, हाताला मोहरीच्या तेलाचा वास. दाबला म्हणण्याइतका दाबलाही नाही. आत काय आहे ते चाचपल्यासारखा जरासा फिरवला. माझा श्वास अर्ध्यावर राहिला आणि हातातला चहा विजारीवर सांडला.

“व्हय, हितंच हाय,” वस्ताद समाधानाने म्हणाले.

टपरी चालवणाऱ्या मावशींना हा सगळा प्रकार पसंत नाही. पाठीवर मारावं पण पोटावर मारू नये, एवढं साधं तत्त्व ज्या देशांना कळत नाही त्यांच्याकडे विमानं कशी झाली, असा त्यांचा प्रश्न असतो. एकदा आम्ही बारा फेऱ्या अंगावर मार घेऊन उभं राहणाऱ्यांचं कौतुक करत होतो, तेव्हा त्या गाळणी आपटून म्हणाल्या, “आषाढात या लावणीला. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभी राहते बाई, ते कोण मोजतंय का?” कोणी काही बोललं नाही. वस्तादांनी मुकाट्याने स्वतःचा कप स्वतः विसळून ठेवला, ही त्या टपरीच्या इतिहासातली नोंद घेण्याजोगी घटना आहे.

तर वाद. डॉक्टर इतिहासाचे भोक्ते, त्यांचा माणूस बॉब फिट्झसिमन्स. जन्म इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा, वाढला न्यूझीलंडमध्ये, धंदा लोहाराचा. त्याचा सामना होता जेम्स कॉर्बेटशी, आणि कॉर्बेट पूर्वाश्रमीचा बँकेतला कारकून. लोहार विरुद्ध कारकून म्हटल्यावर आपण लोहाराच्या बाजूने पैसे लावू; पण कारकुनाने खेळ डोक्याने खेळायला शिकवला होता आणि जगज्जेता तोच होता. १७ मार्च १८९७, नेवाडातलं कार्सन सिटी. कॉर्बेटने लोहाराला चांगलं कुटून काढलं, एकदा खालीही बसवलं. असं सांगतात की फिट्झसिमन्सची बायको रोझ रिंगच्या कडेला उभी राहून नवऱ्याला ओरडत होती की तोंडाचा नाद सोड, बरगड्यांत हाण. चौदाव्या फेरीत त्याने बायकोचं ऐकलं. छातीच्या मधल्या हाडाखाली, पोटाच्या खळग्यात एक डावा ठोसा असा बसला की कॉर्बेटचा वाराच कोंडला. ‘सोलर प्लेक्सस’ हे दोन शब्द त्या दिवसापासून वर्तमानपत्रवाल्यांच्या तोंडी बसले. त्या लढतीचं चित्रीकरणही झालं, शंभर मिनिटांहून लांब, आणि जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून चित्रपटाचे अभ्यासक त्याचं नाव घेतात. म्हणजे सिनेमाने लांब पल्ल्याची सुरुवात केली तीच एका माणसाच्या पोटात ठोसा बसताना दाखवून. पुढे कित्येक वर्षांनी आमच्या तालुक्याच्या नावाने ‘मुळशी पॅटर्न’ निघाला, त्यातली मारामारी यापुढे पोरखेळ.

डॉक्टरांच्या या युक्तिवादात मला एक खोट दिसते. एका ठोशावर माणूस अमर होतो हे खरं, पण एका कुस्तीवर कुणी वस्ताद होत नाही. आणि ते यश निम्मं रोझबाईंच्या खात्यावर टाकावं लागेल.

पुतण्याचा माणूस मेक्सिकोचा हुलिओ सेझार चावेझ. मेक्सिकोत डाव्या हाताने बरगडीखाली मारण्याची परंपराच आहे. उजव्या हाताने खेळणारा बॉक्सर डावा पाय पुढे टाकून उभा राहतो, त्यामुळे यकृताची बाजू मागे झाकली जाते. तिथे पोचायचं तर डावा हात वळसा घालून, समोरच्याच्या कोपराच्या आतून न्यावा लागतो, म्हणजे तेवढं जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर आधी चार खावे लागतात. चावेझ ते शांतपणे खायचा आणि पुढे सरकत राहायचा. मागे न सरणाऱ्या माणसाचं आमच्याकडे कौतुक आहे. बांधाच्या वादात असली माणसं कामाला येतात.

बॉक्सिंगचे प्रशिक्षक पोटावरच्या ठोशाला बँकेतली ठेव म्हणतात, असं पुतण्याने सांगितलं. पहिल्या फेऱ्यांत ठेवत जायचं, शेवटच्या फेऱ्यांत व्याजासकट काढायचं. हे मुळशीला एका क्षणात समजलं. इथे जमिनी विकून आलेले पैसे कुणी मुदतीच्या ठेवीत टाकले आणि कुणी गाड्यांत घातले, हे गावागावाला पाठ आहे. पहिल्या ठोशालाच निकाल लावायला निघालेला बॉक्सर म्हणजे बयाणा मिळताच फॉर्च्युनर आणणारा गडी.

चावेझच्या ठेवीचं सर्वांत मोठं उदाहरण १७ मार्च १९९० चं. तारीख फिट्झसिमन्सचीच, मध्ये ९३ वर्षं. लास व्हेगासमध्ये समोर होता मेल्ड्रिक टेलर, विजेसारख्या हातांचा, ऑलिंपिकचं सुवर्ण मिळवलेला. बाराव्या फेरीपर्यंत तीनपैकी दोन गुणलेखकांच्या कागदावर टेलर भरपूर पुढे होता. कागद बघितला तर चावेझ हरलेला. माणूस बघितला तर टेलरचा चेहरा सुजलेला, पाय शिणलेले, अंगातला जीव गळून गेलेला. शेवटच्या मिनिटात चावेझने त्याला खाली पाडलं. तो उठला. पंच रिचर्ड स्टील यांनी लढू शकतोस का असं विचारलं, समाधानकारक उत्तर आलं नाही, आणि त्यांनी लढत थांबवली. घड्याळात दोन सेकंद उरले होते.

दोन सेकंद! या दोन सेकंदांवर टपरीवर किती दूध नासलं असेल याची गणती नाही. डॉक्टरांचं म्हणणं, शेवटचा ठोसा डोक्याला होता, तेव्हा हा पुरावा पोटाच्या खात्यात धरता येत नाही. पुतण्याचं म्हणणं, डोकं हाताशी आलं ते पोटामुळे आलं. वस्ताद म्हणाले, पंचाने सोडवलेली कुस्ती निकाली धरत नाहीत. आणि मग विषय स्टीलसाहेबांवरून फिरत फिरत अहिल्यानगरच्या पंचांवर गेला, तेव्हा मावशींनी दिवा मालवला.

वस्तादांचा माणूस कोण असेल याची आम्हाला उत्सुकता होती. पुतण्याने त्यांना बरेच दाखवले. जमैकाचा माइक मकॅलम दाखवला, ज्याला ‘बॉडी स्नॅचर’ म्हणत; तो २०२५ च्या मे महिन्यात गेला. “नाव झ्याक हाय,” एवढंच ते म्हणाले. मँचेस्टरचा रिकी हॅटन दाखवला. त्याने २००७ साली कास्टिलोच्या बरगडीत असा डावा हाणला की कास्टिलो पाठ फिरवून गुडघ्यावरच बसला. तो हॅटनही २०२५ च्या सप्टेंबरात गेला. वस्तादांनी मान हलवली. अखेर त्यांचं मन बसलं ते मिकी वॉर्डवर, आणि तेही पुतण्याने सहज सांगितलं म्हणून की हा गडी बॉक्सिंगवर पोट भरेना तेव्हा रस्त्याच्या डांबरीकरणाच्या कामावर जायचा.

“डांबराच्या कामावर?” वस्ताद सरसावून बसले. पिरंगुट ते पौड या रस्त्याकडे त्यांनी एकदा बघितलं. “मग हाताला जोर आसणारच.”

वॉर्ड मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलचा. त्याच्यावर २०१० मध्ये ‘द फायटर’ हा चित्रपट निघाला. पण त्याला कायमचं नाव मिळालं ते १८ मे २००२ च्या आर्टुरो गाटीबरोबरच्या लढतीने. नवव्या फेरीच्या सुरुवातीलाच वॉर्डचा डावा हात गाटीच्या कुशीत गेला. गाटी गुडघ्यावर बसला, चेहरा पिळवटलेला. आणि उठला! जिथून उठता येत नाही म्हणून डॉक्टरांनी आम्हाला शास्त्र सांगितलं होतं तिथून उठला, आणि त्याच फेरीत वॉर्डला उलटा हाणायला लागला. लढत वॉर्डने गुणांवर जिंकली, तीही एका गुणलेखकाने बरोबरी दिल्यावर. पुढे दोघांच्या आणखी दोन लढती झाल्या, दोन्ही गाटीने जिंकल्या, आणि नंतर दोघं घट्ट मित्र झाले. वस्तादांना हे फार आवडलं. ज्याने आपल्याला आडवं केलं त्याच्याच घरी जेवायला जायचं, ही पैलवानकीची जुनी रीत.

“पण वस्ताद, तो तर उठला,” डॉक्टर म्हणाले. “मग ठोसा घातक कसा?”

“उठला म्हणून तर कळालं किती बसला त्ये. झोपलेल्या माणसाला काय इचारणार?”

यावर डॉक्टरांना उत्तर सुचलं नाही. मलाही अजून सुचलेलं नाही.

मी मध्येच महंमद अली काढला. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात जॉर्ज फोरमनने त्याच्या कुशीत, दंडांवर, बरगड्यांवर जे घण घातले तसे क्वचितच कुणी कुणाला घातले असतील, आणि तरी आठव्या फेरीत पडला तो फोरमनच. अली दोरांना टेकून, कोपरं पोटाशी घेऊन मार खात राहिला आणि मारणाऱ्याचाच दम संपला. म्हणजे ठेव ठेवली एकाने आणि काढून घेतली दुसऱ्याने. वस्ताद म्हणाले, हा पैलवानच. खाली धरला गेलेला गडी उगाच तडफडत नाही. तो माती घट्ट धरून राहतो, वरच्याला ढकलू देतो, ओढू देतो, आणि वरचा दमला की तळातून निसटतो. कुस्तीत पाडण्याएवढीच तळात टिकण्याची मेहनत असते, फक्त तिला टाळ्या नसतात.

इथून वस्ताद सुटले. कुस्तीतले डाव आपण ऐकतो ते शेवटचे, ते म्हणाले. खाशाबांचा ढाक सगळ्यांना माहीत. १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, गावाकडे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, त्याचे फोटो आहेत. पण ढाक बसायच्या आधी जोडीच्या मानेवर जो भार टाकलेला असतो, पंजा धरून जे ओढलेलं असतं, त्याचा फोटो कुणी काढत नाही. घुटन्याचं तेच. जोड खाली आली की मानेवर गुडघा ठेवून दाबत राहायचं. बघणाऱ्याला वाटतं दोघं निवांत पडलेत, पोरं रेवड्या आणायला उठतात. खालच्याला विचारा किती निवांत हाय त्ये. पूर्वी मातीत घड्याळ नव्हतं, कुस्ती सुटायची ती निकालावर, त्यामुळे हा भार कामी यायचा. आता गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. मान दाबल्याचा गुण मिळत नाही. मग पोरं मान दाबायचं शिकत नाहीत.

पुतण्या म्हणाला, बॉक्सिंगमध्येही हेच झालं. १९८८ ला सोलमध्ये रॉय जोन्स या अमेरिकन मुलाने यजमान देशाच्या बॉक्सरला सरळ धुतला आणि पंचांनी जिंकवलं यजमानाला. केवढा गहजब झाला. मग पंचांवर विश्वास नको म्हणून यंत्रं आणली. ठोसा दिसला की पंचांनी साधारण एका सेकंदाच्या आत बटण दाबायचं, पुरेशी बटणं एकदम दाबली गेली तरच गुण. यंत्र प्रामाणिक होतं, पण चेहऱ्यावरचा ठोसा लांबून दिसतो, डोकं मागे जातं, घाम उडतो. कोपराच्या आत, अंगाला अंग भिडलेलं असताना बसलेला बरगडीवरचा ठोसा कुणाला दिसणार? बटणं दाबलीच जाईनात. वीसेक वर्षं हौशी बॉक्सिंगमध्ये पोरं लांबून टिचक्या मारत राहिली, कारण टिचकीला गुण होता. २०१३ नंतर ती पद्धत गेली आणि पोटावर मारणारे पुन्हा कामाला लागले.

“म्हंजी मोजत न्हाईत म्हणून मारत न्हाईत,” वस्ताद म्हणाले.

मावशी काही बोलल्या नाहीत. नुसत्या आमच्याकडे बघत होत्या, आणि आम्ही चौघेही दुसरीकडे.

तर माझं मत. फिट्झसिमन्सचा ठोसा सर्वांत प्रसिद्ध, हॉपकिन्सचा सर्वांत नेटका, वॉर्डचा सर्वांत प्रेमळ, हे मी मान्य करतो. तरी मी चावेझच्या बाजूचा आहे, आणि ते नेमकं त्या दोन सेकंदांमुळे. बाकीच्यांचा ठोसा बसला आणि समोरचा बसला. तिथे पुरावा डोळ्यांसमोर आहे. चावेझने अकरा फेऱ्या जे केलं त्याची नोंद तीनपैकी दोन कागदांवर जवळपास नव्हतीच. नोंद होती ती टेलरच्या पायांत. स्टील यांनी घाई केली का, यावर बॉक्सिंगची दुनिया अजून भांडते आणि भांडू दे. पण त्या क्षणी टेलर पंचाला उत्तर देऊ शकला नाही, ते उत्तर अकरा फेऱ्या थोडं थोडं काढून घेतलं गेलं होतं. हे मी टपरीवर मांडलं तेव्हा पुतण्याने माझ्या चहाचे पैसे दिले, डॉक्टरांनी मला भावनाप्रधान ठरवलं, आणि वस्तादांनी पुन्हा ‘पंचाने सोडवलेली कुस्ती’ काढली.

सध्या चावेझला दोन मतं, वॉर्डला एक, फिट्झसिमन्सला एक. मावशींनी मत द्यायला नकार दिला आहे, कारण यादीत बाई नाही; रोझचं नाव घालत असाल तर विचार करीन म्हणाल्या. तुमचं काही वेगळं मत असेल तर संध्याकाळी सातच्या सुमाराला या, पाऊस असला तरी आम्ही असतो. फक्त बाकावर बसताना वस्तादांच्या डाव्या हाताला बसू नका. ते पुरावा दाखवतात.